बिनमिठाचे तीन दिवस

साल एकोणीसशे शहाऐंशी, नोव्हेंबर महिना. वाळवंटाकडची कोरडी हवा इबादान शहरावर नुकती उतरायला लागली होती. सकाळी पातेल्यांच्या झाकणांवर कुणी पीठ चाळून गेल्यासारखी धूळ बसलेली असे आणि बोलताना ओठ फुटत. त्या महिन्यात देशाच्या फुटबॉल संघाचा मुक्काम शिक्षकांच्या एका कॉलेजच्या हॉस्टेलात होता. कॉलेजला सुट्टी होती, खोल्या रिकाम्या होत्या आणि फुटबॉलच्या ऑफिसला याहून स्वस्त जागा मिळाली नव्हती. बाकीचे अधिकारी गावातल्या हॉटेलात उतरले होते. हॉस्टेलात राहत अठरा खेळाडू, एक कोच आणि त्या सगळ्यांना तीन वेळा जेवू घालणारी इया दूपे.

तिचं खरं नाव आबेके. पण थोरली लेक दूपे, म्हणून ती दूपेची आई, इया दूपे. खेळाडू नुसतंच इया म्हणत. वय अठ्ठेचाळीस, अंगाने भरलेली, डोक्याला निळा कापडी फेटा आणि डाव्या तळहातावर कायम सूपाचा पिवळा डाग. कारण ती चमच्याने कधी चव घेत नसे. पळीतले चार थेंब डाव्या तळहातावर घ्यायचे, चाटायचे, डोळे मिटायचे आणि मग मिठाच्या डब्यात हात घालायचा. मोजमाप नावाची गोष्ट तिच्या स्वयंपाकघरात नव्हती.

नऊ वर्षं ती या संघासाठी रांधत होती आणि या नऊ वर्षांत तिने सात कोच पाहिले. एक गोरा होता, तो केळंसुद्धा काट्या-सुरीने खायचा. एकाला मलेरियाने धरलं आणि तो विमानतळावरूनच परत गेला. एक कुणा मोठ्या लष्करी साहेबाचा मेहुणा होता; त्याला चेंडू गोल असतो याच्यापलीकडे फारशी माहिती नव्हती, पण जेवायचा मात्र मनापासून. कोच यायचे, खोली बदलून मागायचे, जायचे. इयाची पातेली तीच राहायची.

सातवा असुक्वो. हा कालाबारचा, आपल्याच देशातला, पन्नाशीचा, बुटका, छातीचा भाता मोठा. स्वतः एके काळी संघात खेळलेला. ऑफिसने त्याला चौदा महिन्यांपूर्वी 'हंगामी' म्हणून नेमलं होतं, कायमचा कोच मिळेपर्यंत. चौदा महिन्यांत तो फक्त दोन सामने हरला, पण हंगामी तो हंगामीच राहिला. कोचला काढायचं झालं तर त्याला आधी सांगायची तिथे रीत नव्हती. सकाळी सातच्या बातम्यांत ते सगळ्या देशाला कळायचं आणि त्यात त्यालाही. म्हणून असुक्वो रोज सकाळी पावणेसातला स्वयंपाकघरात येऊन इयाच्या जुन्या रेडिओजवळ स्टूल ओढून बसायचा. बातम्या संपल्या की उठून म्हणायचा, "चला इया, आजचा दिवस आहे अजून. मुलांना उठवतो."

"बसा हो, पेज तरी प्या," ती म्हणायची. "बातम्यांनी पोट भरत नाही."

"तुमच्या पेजेनं तरी कुठे भरतं? आमच्या कालाबारच्या बायकांच्या हातचं सूप प्यायला असतात ना तुम्ही, तर पळी टाकून दिली असती."

"मग बायकोलाच आणायचं होतं. तिनंच तर पत्र पाठवलंय मला, नवऱ्याला मीठ घालू नका म्हणून."

ते खरं होतं. असुक्वोला रक्तदाबाचा त्रास होता आणि त्याच्या बायकोने कालाबारहून कडक पत्र लिहिलं होतं. त्यामुळे त्याचं सूप इया वेगळ्या लहान पातेल्यात करायची, बिनमिठाचं. तो ते तोंड वाकडं करून खायचा आणि रोज म्हणायचा की एवढ्यासाठी तरी मला काढून टाका.

त्याची एक खास पद्धत होती. रात्रीची जेवणं उरकली की तो दारात येऊन विचारायचा, "इया, ताटं कशी परत आली?"

आणि इया सांगायची. कॅप्टन क्लेमेंटने माशाचं डोकं तसंच ठेवलंय, म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी चाललंय. गोलकीपर तामुनोने मिरच्या बाजूला काढल्यात, कुणाशी तरी भांडलाय. उत्तरेकडचा तो विंगर दानलादी, त्याने दोनदा वाढून घेतलं, गुडघा बरा झाला असणार. असुक्वो ऐकायचा, वहीत काहीतरी खरडायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे मुलांशी बोलायचा, कुणाला बसवायचा, कुणाला खेळवायचा. ऑफिसमधले लोक याला हसत. इयाला मात्र या गोष्टीचा एवढा अभिमान होता की तिने ती बाजारात भाजीवालीलासुद्धा सांगितली होती.

असुक्वोचा नियम एकच, पण लोखंडी. जो खात नाही तो खेळत नाही. सामन्याआधी कुणी उपास धरला, कुणी कुणा बाबाचं पाणी प्यालं, तर तो बाकावर. मागच्या साली एका चांगल्या स्ट्रायकरला त्याने एवढ्यासाठी घरी पाठवलं होतं आणि वर्तमानपत्रांनी त्याला देवाचा वैरी म्हटलं होतं.

त्या आठवड्यात शनिवारी चार वाजता इबादानच्या मोठ्या मैदानावर पात्रता फेरीचा शेवटचा सामना होता, वाळवंटापलीकडच्या पाहुण्यांशी. जिंकलो तर पुढे, बरोबरी झाली तरी बाहेर.

बुधवारी ऑफिसचे सेक्रेटरी साहेब गाडीतून आले. पायघोळ निळा झगा, हातात पंखा. असुक्वोशी व्हरांड्यात दहा मिनिटं बोलले आणि जाताजाता स्वयंपाकघरात डोकावले.

"इया दूपे, तब्येत काय म्हणते?"

"देवाची कृपा, साहेब. बसा, कंदाच्या पिठाचा गरम आमाला वाढते."

"नको नको. आणि हे बघा, पुढच्या महिन्यापासून मिरची जरा हात राखून. गोऱ्यांचं पोट नाजूक असतं."

"कुठले गोरे?"

साहेब हसले. "लागोसच्या हॉटेलात येऊन बसलेत ते. पेपरात फोटो नाही पाहिला? काळा चष्मा. शनिवारी जिंकलं तर असुक्वोला कायम करू, असं मी त्याला सांगितलंय बरं का. शब्द दिलाय. पण तुम्ही आपली तयारी ठेवा."

ती तिथेच पळी हातात धरून उभी राहिली. खिडकीबाहेर क्लेमेंट नळावर बूट धूत होता. त्याने ऐकलं हे तिच्या लक्षात आलं, कारण त्याचा ब्रश थांबला होता.

संध्याकाळी इया पांढरा झगा घालून, अनवाणी, आपल्या चर्चला गेली. तिथल्या वडीलधाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, गुरुवारी सूर्य उगवल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. फक्त पाणी. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर मागणं तिथेच विरून जाईल. मधे मोडलं तर त्याहून वाईट. इयाने होकार दिला. कोचचा नियम तिला पाठ होता, पण तो नियम खेळणाऱ्यांना होता, रांधणाऱ्यांना नव्हता, असं तिने वाटेत स्वतःला तीनदा समजावलं.

गुरुवारी एगुसीच्या बियांचं सूप होतं. सवयीप्रमाणे तिने तळहातावर चार थेंब घेतले, हात तोंडापर्यंत नेला आणि थांबली. तो कमरेच्या कापडाला पुसला. आता मिठाचं काय? अठ्ठेचाळीस वर्षांच्या त्या बाईला आपल्याच पातेल्यात किती मीठ पडतं हे ठाऊक नव्हतं. जास्त पडलं तर अठरा तोंडं बोंब मारतील. मदतीच्या दोघीजणींना विचारावं तर त्या घरून डबा आणत. कॅम्पचं अन्न बाहेरच्या कुणी तोंडात घालायचं नाही, हा इयाचाच कायदा. तेवढ्यात दूधवाला आला, त्याच्याशी हुज्जत झाली, आणि ती परत आली तेव्हा तिला वाटलं की मीठ घालून झालंय.

रात्री, कुणी खोलीत, कुणी व्हरांड्यात नेलेली ताटं परत आली. अठरा ताटं, आरशासारखी. माशाचा काटा नाही, हाडाचा तुकडा नाही, काठाला तेलाचा ओघळसुद्धा नाही.

"ताटं कशी परत आली, इया?"

"काय सांगू, सर. चाटूनपुसून. मुलांना भूक लागलीय जिंकायची."

असुक्वोचा चेहरा असा फुलला की तिला आपल्या रिकाम्या पोटाचा विसर पडला. शुक्रवारी तिने पालकाचं सूप केलं, भात केला, दुपारी चवळीचे वडे तळले. मिठाला हात घाबरतच होता. दर वेळी चिमूटभर घालावं, नको घालायला, काल कुणी काही बोललं नाही म्हणजे बरोबरच असेल, असं करत तिने डबा उघडून पुन्हा झाकला. ताटं पुन्हा लखलखीत आली. कोचने त्या दोन दिवसांत मुलांना पळवलं नव्हतं. फळ्यावर खडूने रेघा मारून पाहुण्यांचा खेळ समजावून सांगत होता. मुलं शांत बसून ऐकत होती. इतकी शांत की असुक्वो इयाला म्हणाला, "चौदा महिन्यांत पहिल्यांदा हे लोक माझं ऐकतायत."

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला मागच्या दाराशी मालम बुबा येऊन उभा राहिला. मालम बुबा म्हणजे फाटकावरचा राखणदार, उत्तरेकडचा, साठीचा, मेंदीने रंगवलेली दाढी. तो कधी स्वयंपाकघराच्या पायरीला लागत नसे. आज तो हात पाठीमागे धरून, मान खाली घालून उभा होता.

"इया, रागावू नका. एक विचारायचं होतं."

"विचार की, मालम. आज सामना आहे, लवकर विचार."

"माझे थोरले भाऊ विचारतायत, बाजारात मीठ संपलंय का?"

"का? तुझ्या भावाला मीठ पाहिजे?"

"नाही, तसं नाही. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, तुम्ही विसरलात. दुसऱ्या दिवशी वाटलं, महाग झालं असेल. पण आता भावजय म्हणते की इयाचं काहीतरी बिनसलंय, जाऊन विचारून या. सूप सुंदर आहे. फक्त मीठ नाही."

इयाने हातातला चाकू खाली ठेवला. "माझं सूप तुला कोण देतं, मालम?"

बुबाने पाठीमागचा हात पुढे आणला. हातात तिचंच एनॅमलचं ताट होतं, काठावर निळी रेघ असलेलं, राखेनं घासून लखलखीत केलेलं.

"कोण देत नाही ते विचारा," तो हळूच म्हणाला. "गुरुवारी सकाळी कॅप्टन आला. म्हणाला, मालम, हे घे, कुणाला बोलू नको. मग गोलकीपर आला. म्हणाला, कुणाला बोलू नको. मग ते दोघं बेनिन शहराचे. मग लांब्या. प्रत्येक जण म्हणतो, कुणाला बोलू नको. मी चौदा जणांना शब्द दिलाय इया, आणि एकाचाही मोडलेला नाही. पण एकट्याला एवढं जाणार कसं? म्हणून भावाला बोलावलं, त्याची मुलं आली, मेंढ्यांच्या बाजारातले आमच्या गावचे लोक आले. मला वाटलं, कोचसाहेबांनी दानधर्म काढलाय."

ती पातेल्याकडे गेली. कालचं सूप तळाशी थोडं उरलं होतं. तिने पळीतले चार थेंब डाव्या तळहातावर घेतले आणि तशीच उभी राहिली. चाटलं तर उपास मोडला. सूर्य मावळायला अजून नऊ तास होते. आणि तिच्यापुरतं तिला पक्कं ठाऊक होतं, की तिने मोडलं तर असुक्वो गेला. नाही मोडलं तर ती मुलं उपाशीपोटी चार वाजता उन्हात उभी राहणार, आणि त्यांना खा म्हणून ती कुठल्या तोंडाने सांगणार?

तिने घंटा वाजवली. जेवणाची पितळी घंटा, भलत्या वेळी. अठरा जण जेवणघरात येऊन बाकांवर बसले. आता तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठांवर पांढरं, डोळे आत गेलेले. हे दोन दिवस तिला का दिसलं नाही? ताटंच बघत बसली होती, तोंडं नाही.

तिने पातेलं टेबलावर ठेवलं, सगळ्यांच्या देखत तळहातावर सूप घेतलं आणि चाटलं. थंडगार, तुपकट, आणि मिठाचा लवलेश नाही. तिचे डोळे भरून आले. ते कशामुळे हे तिलाही कळलं नाही.

"मी परवापासून उपाशी होते," ती म्हणाली. "कोचसाठी. आता मोडला. तीन दिवस मी चव न घेता रांधलंय, यात मीठ नाही. तुम्ही, जे मिरची कमी पडली तरी माझ्या बापाचा उद्धार करता, त्यातल्या कुणाला हे कळलं?"

बाकाच्या टोकाला बसलेला एक राखीव खेळाडू उठला. "इया, मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आम्हा चौघांना वाटलं, कोचच्या रक्तदाबामुळे सगळ्यांचंच मीठ बंद केलंय."

दानलादी म्हणाला, "मी रोजे धरले होते. दिवसाचं ताट मालमला द्यायचो, संध्याकाळचं खायचो मी. दिवसभराच्या उपासानंतर काहीही गोड लागतं, इया. मला तर ते फार चांगलं लागलं."

"आणि बाकीचे?"

क्लेमेंटने तामुनोकडे पाहिलं. तामुनोने बेनिनच्या दोघांकडे. हळूहळू सगळ्या टेबलावर ती नजर फिरत गेली आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट उमटत गेली, ती म्हणजे, अरे, तूसुद्धा?

"मी तर नोव्हेनाच्या प्रार्थनेचा उपास धरला होता," क्लेमेंट पुटपुटला. "मला वाटलं, मी एकटाच."

"कॅप्टन, रात्री माझ्या पोटात गुरगुरलं तेव्हा तू विचारलंस, काय खाल्लंस," तामुनो म्हणाला. "आणि मी म्हटलं, इयाचं सूप जड पडलं."

"जड म्हणे. बिनमिठाचं."

एकाला हसू आलं, मग दुसऱ्याला. आणि नेमकं तेव्हाच दारात असुक्वो उभा असलेला इयाला दिसला. त्याच्या हातात नावांची यादी होती.

"घंटा कसली?" त्याने विचारलं. मग सवयीने, "इया, ताटं कशी परत आली?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. नियमाप्रमाणे त्याला आता चौदा जणांना बाकावर बसवायला लागलं असतं.

"रिकामी आली, सर," ती म्हणाली. "मालम बुबाच्या घरून."

आणि तिने सगळं सांगितलं. असुक्वो ऐकत होता. ऐकताऐकता तो बाकाच्या कोपऱ्यावर बसला. बराच वेळ त्याने यादीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"कशासाठी?" त्याने विचारलं.

"तुमच्यासाठी, सर," क्लेमेंट म्हणाला. "सेक्रेटरी इयाला काय बोलला ते मी ऐकलं. मी फक्त तामुनोला सांगितलं."

"आणि मी फक्त दोघांना," तामुनो म्हणाला.

असुक्वो खाली बघत होता. इयाला वाटलं, आता फुटणार हा. पण तो बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता. "सत्तावन्न सालची फायनल. कालाबारमध्ये. मी तीन दिवस जेवलो नव्हतो. आईनं सांगितलं होतं. साठाव्या मिनिटाला गोल समोर दिसत होता आणि मी गुडघ्यांवर बसलो, प्रार्थनेला बसल्यासारखा. लोकांना वाटलं, देवाचे आभार मानतोय. मला उठताच येत नव्हतं." तो थांबला. "तेव्हापासून तो नियम आहे. आता खा. माझ्यासाठी उपाशी राहिलात ना, मग माझ्यासाठी खा."

"आणि मागणं, सर?" बेनिनच्या एकाने विचारलं. "मधे मोडलं तर..."

"ते माझ्या नावावर लिही. चल, वाडगा घे."

इयाने मक्याची पातळ पेज केली, साखर घालून, मध्येच चिमूटभर मीठ घालून, प्रत्येक वेळी तळहातावर चव घेत. संत्री सोलली. जास्त खाऊ नका, हळू खा, असं ती सांगत फिरत होती आणि स्वतः एक घासही घेत नव्हती. तो पहिला चाटलेला थेंबच जिभेवर बसून राहिला होता.

सामना तिने खेळाडूंच्या बाकामागून पाहिला, सोललेल्या संत्र्यांची बादली मांडीशी धरून. पहिल्या अर्ध्या तासात मुलं अशी खेळली की मैदानातला आवाज छातीत घुमत होता. दानलादीने उजवीकडून चेंडू उंच टाकला आणि क्लेमेंटने डोक्याने आत ढकलला. एक-शून्य. असुक्वोने मागे वळून इयाकडे पाहिलं आणि फक्त भुवया उंचावल्या. त्याच्या तोंडावर तसला आनंद तिने पुन्हा पाहिला नाही.

मध्यंतरानंतर वीसेक मिनिटांनी पाय गेले. वाळूत चालावं तशी मुलं चालायला लागली. दानलादी चेंडूपर्यंत पोहोचायचा आणि पोहोचल्यावर काय करायचं ते विसरल्यासारखा थांबायचा. पाहुण्यांच्या ते लक्षात आलं. त्र्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू तामुनोच्या हाताखालून आत गेला. तो पडला, पण फार सावकाश पडला. एक-एक. तिथेच संपलं.

लोकांनी संत्र्यांची सालं फेकली. "असुक्वो, कालाबारला जा, सूप कर," एक जण ओरडत होता आणि सगळा स्टँड त्याच्यामागे ओरडत होता. बसजवळ पेपरवाल्यांनी त्याला घेरलं. शेवटच्या वीस मिनिटांत मुलांचे पाय का गेले?

"माझी चूक," असुक्वो म्हणाला. "आठवडाभर फार पळवलं मी त्यांना. ताजं ठेवायला पाहिजे होतं."

बसच्या पायरीवर उभ्या असलेल्या इयाने हे ऐकलं. दोन दिवस पळवलेलंसुद्धा नव्हतं त्याने. क्लेमेंट तोंड उघडायला गेला तर असुक्वोने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बसमध्ये ढकललं.

रविवारी चर्चहून आल्यावर ती त्याच्या खोलीवर गेली. क्लेमेंट बरोबर होता.

"आम्ही ऑफिसात जाऊन सांगतो," ती म्हणाली. "चूक माझी आहे. रोज रात्री मी येऊन सांगत होते, ताटं स्वच्छ. मी डोळ्यांनी बघून खोटं सांगितलं तुम्हाला."

"काय सांगाल? चौदा पोरं कोचसाठी उपाशी राहिली?" असुक्वो कपड्यांच्या घड्या घालत होता. "ते म्हणतील, यानंच जादूटोणा करायला लावला. आणि तो काळ्या चष्म्याचा माणूस ऐकेल, की इथली पोरं सामन्याआधी जेवत नाहीत. एकालाही घेणार नाही तो. क्लेमेंट, तुझ्या लहान बहिणीचं कॉलेज आहे ना?"

क्लेमेंटने मान डोलावली.

"मी चौदा महिने हंगामी होतो," असुक्वो म्हणाला. "हे लोक दहा वर्षं खेळणार आहेत. इया, हे तुमच्या पोटात राहू द्या. त्या बुबासारखं."

सोमवारी सकाळी पावणेसातला तो नेहमीसारखा स्टूल ओढून रेडिओजवळ बसला. सातच्या बातम्यांत चौथी बातमी त्याची होती. 'श्री. असुक्वो यांच्या सेवेबद्दल आभार', आणि मग एक लांबलचक परकं नाव, जे बातम्या देणारीला नीट उच्चारता आलं नाही. हवामानाचा अंदाज लागला.

मग त्याने रेडिओ बंद केला. "इया, आज मुलांच्या पातेल्यातलं द्या."

"बायकोनं पत्रात लिहिलंय..."

"बायकोला उद्या भेटतोच आहे. आज द्या."

तिने वाडग्यात सूप घेतलं, तळहातावर चव पाहिली, मिठाच्या डब्यात हात घातला. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बसला.

"असं असतं होय हे," तो म्हणाला. "चौदा महिने मला वाटत होतं, तुम्हाला रांधता येत नाही."

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली.

काळ्या चष्म्याचे गृहस्थ सात महिने टिकले. त्यांनी येताना डब्यातलं अन्न आणलं होतं, जाताना रिकामे डबे कॅम्पमध्ये सोडून गेले. इयाने त्यांत मसाले भरले. त्यानंतर असुक्वोला ऑफिसने आणखी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा हंगामी. दोन्ही वेळा तो आला. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा तो कालाबारला नदीकाठी शाळेच्या मुलांना शिकवत होता. मला इथेच कायम केलंय, असं त्याने उलट कळवलं म्हणतात. दोन हजार नऊ साली झोपेतच गेला. कायमच्या कोचांच्या यादीत त्याचं नाव कुठेच नाही.

क्लेमेंट आणखी सहा वर्षं कॅप्टन होता. त्याची बहीण आज एनुगूला डोळ्यांची डॉक्टर आहे. तो स्वतः तिथेच बसगाड्या चालवतो आणि पोट सुटलं म्हणून बहिणीची बोलणी खातो. तामुनो आधी परदेशात खेळायला गेला, मग पाद्री झाला. उपासाचं प्रवचन तो देत नाही, आणि लोकांना याचं नवल वाटतं. दानलादीचा गुडघा शेवटी गेलाच. कादुनाला त्याचं टायरचं दुकान आहे. दर ईदला तो इयाला मेंढीची मांडी पाठवतो आणि बरोबरच्या चिठ्ठीत न चुकता विचारतो, मीठ आहे ना घरी? मालम बुबा आपल्या गावी योलाकडे परत गेला. चौदा जणांचा शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला. विचारायला तरी कोण येणार होतं म्हणा.

असुक्वोच्या अंत्यविधीला संघातले नऊ जण कालाबारला गेले होते. इयाही गेली. तिथल्या बायकांनी तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, पाहुणी म्हणून मानाने बसवलं. तिने ते सूप खाल्लं, ज्याच्याबद्दल तो चौदा महिने बोलत होता. पळी टाकून द्यावी असं काही नव्हतं, पण चांगलं होतं, आणि ते तिने त्याच्या बायकोला सांगितलं.

इया दूपे आज अठ्ठ्याऐंशीची आहे. इबादानला लेकीकडे राहते. कोच अजून बदलतात. आता बातमी रेडिओवर येत नाही, नातवाच्या फोनवर येते. नातू सांगायला धावत येतो तेव्हा ती फक्त विचारते, हंगामी की कायम? सामन्याच्या दिवशी चर्चच्या बायका उपास धरायला बोलावतात. ती जात नाही. दुपारी बारा वाजता ती पाटावर बसते, लेकीने वाढलेल्या सूपाचे चार थेंब डाव्या तळहातावर घेते, डब्यातलं मीठ मागते, आणि ताटातलं सगळं संपवूनच टीव्हीसमोर येते.